निळ्या डब्यातली स्लाइड

दार लाव आणि इकडे ये. बसू नकोस, आधी हे बघ.

ही काच ओळखतेस? मधोमध मोडली आहे, पण लेबल शाबूत आहे आणि नंबर वाचता येतो. काल संध्याकाळी ही काचेच्या निळ्या डब्यात पडली होती. आज सकाळी सफाईवाले मामा डबा न्यायला आले तेव्हा टेक्निशियन ताईंनी त्यांना थांबवलं, हातमोजे घालून एकेक काच बाजूला केली आणि ही शोधून काढली. दहा मिनिटं उशीर झाला असता तर ती कचऱ्याच्या गाडीत गेली असती आणि जगातल्या कुठल्याही पॅथॉलॉजिस्टला ती पुन्हा दिसली नसती.

मला कसं कळलं तेही सांगते. मायक्रोटोमच्या वहीत त्या ब्लॉकपुढे दोन स्लाइड लिहिल्या होत्या आणि ट्रेमध्ये एकच होती. दुसरी का कापली, कोणी सांगितलं, पहिली कुठे गेली, याबद्दल एका शब्दाची नोंद नाही. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, "डॉक्टरांनी तोंडी सांगितलं, यात फ्लोटर आलाय, दुसरी द्या." दुसरी स्वच्छ निघाली. तू मसुद्यात लिहिलंस: ॲट्रॉफिक एंडोमेट्रियम, मॅलिग्नन्सीचा पुरावा नाही. आणि पहिली काच टाकून दिलीस.

फ्लोटर, म्हणे दुसऱ्याच रुग्णाचा तुकडा. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो फ्लोटरच होता हे तुला कोणी सांगितलं?

त्या रुग्णाचा फॉर्म तू वाचला होतास का? मी वाचला. वय चौसष्ट, पाळी जाऊन तेरा वर्षं झाली, गेले दोन महिने अंगावरून रक्त जातंय. गर्भाशयाच्या क्युरेटिंगमध्ये जेमतेम चिमूटभर ऊतक आलं होतं. अस्तर सुकलेलं, बारीक पट्ट्यापट्ट्या. आणि त्या पट्ट्यांच्या मध्ये एक छोटा, सुटा, बोटांसारखे फाटे फुटलेला तुकडा, त्यातली केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी. तुझ्या मनाने लगेच निवाडा दिला की बाकीचं ऊतक इतकं साधं आहे, म्हणजे हा तुकडा इथला नाही. पुस्तकातला सिरस कार्सिनोमाचा धडा तुझा पाठ आहे, गेल्या महिन्यात सेमिनारमध्ये तूच बोललीस. हा कर्करोग बहुधा सुकलेल्या अस्तरात उगवतो. बहुधा पाळी गेलेल्या बाईत उगवतो. पुष्कळदा क्युरेटिंगमध्ये त्याचे असे चार-दोन सुटे तुकडेच मिळतात, आणि अस्तरात एवढासा दिसत असतानाही तो पोटाच्या आवरणापर्यंत पोचलेला असू शकतो. हे सगळं सेमिनारमध्ये म्हणालीस आणि सूक्ष्मदर्शकासमोर बसल्यावर विसरलीस.

आता मला उत्तरं दे. तुकडा आणि बाकीचं ऊतक एकाच फोकसमध्ये होतं की नव्हतं? पाण्यावरून तरंगत आलेला तुकडा बहुधा सेक्शनच्या वर बसतो. खालची केंद्रकं रेखीव दिसत असताना तो धूसर दिसतो, चाक थोडं फिरवलं की तो रेखीव होतो आणि खालचं पुसट होतं. तू चाक फिरवलंस का? तुकडा रिकाम्या काचेवर कडेला होता की ऊतकाच्या मधोमध? त्याच्याभोवती तेच रक्त, तोच चिकट द्रव होता की नाही? नाही ना आठवत? मी या मोडक्या अर्ध्या काचेवर पाहिलं. तो तिच्याच दोन पट्ट्यांच्या मध्ये, त्याच रक्तात, त्याच पातळीवर आहे.

तू म्हणशील, दुसरी स्लाइड स्वच्छ होती ना मॅडम. म्हणून काय सिद्ध झालं? सेक्शन तीन-चार मायक्रॉनचा असतो. मोठा गाठीचा तुकडा असेल तर पन्नास सेक्शन कापले तरी तो दिसत राहतो. हा केसाएवढा होता. त्यात ब्लॉक पुन्हा मायक्रोटोमवर चढवला की पृष्ठभाग सारखा करतानाच काही सेक्शन वाया जातात, आणि तेवढ्यात असा तुकडा संपून जाऊ शकतो. नव्या सेक्शनमध्ये परकं ऊतक पुन्हा दिसलं तर ते ब्लॉकमध्येच आहे हे कळतं. दिसलं नाही तर ते पाण्यावरून आलं असेल किंवा रुग्णाचंच असून संपलं असेल. या दोन शक्यतांमधली तू तुला सोयीची निवडलीस.

आणि जिच्यावरून निर्णय व्हायचा ती एकमेव काच डब्यात टाकलीस. काही प्रश्न शेवटी डीएनएवरच सुटतात हे तुला शिकवलंय. कव्हरस्लिप काढून तो तुकडा खरवडायचा, तिच्याच ब्लॉकमधल्या निर्विवाद ऊतकाशी त्याची जनुकीय ओळख ताडून पाहायची. आपल्याकडे ती सोय नसली तरी बाहेर पाठवता येतं. तुकडा फारच छोटा असला तर त्यातून पुरेसं निघणार नाही, हेही मान्य. पण पाठवायला काच तर हवी! ब्लॉकमधून तो संपला असेल तर तो फक्त या काचेवर उरला होता.

आपल्या कामात परकं ऊतक येणारच नाही असं मी कधीच म्हटलं नाही. कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सने २७५ प्रयोगशाळांकडून याची मोजदाद करून घेतली होती, १९९६ साली ती छापून आली. रोजच्या कामात तपासलेल्या तीन लाखांहून जास्त स्लाइडपैकी ०.६ टक्के स्लाइडवर परकं ऊतक आढळलं. रिपोर्ट देऊन झालेल्या जुन्या स्लाइड मुद्दाम काढून पाहिल्या तेव्हा हे प्रमाण २.९ टक्के निघालं. या आकड्यांकडे नीट बघ. शोधायला बसल्यावर जवळजवळ पाचपट सापडलं, म्हणजे रोजच्या घाईत बरंचसं डोळ्यांखालून निसटून जातं. ही तिकडची गोष्ट म्हणून सोडून देऊ नकोस. आपल्याकडे एका टेबलावर दिवसाला किती नमुने येतात आणि ते किती हातांतून जातात हे तुला ठाऊक आहे.

आणि यातले पहिले हात तुझे असतात. ग्रॉसिंग तू करतेस, टेक्निशियन नाही. परवाची यादी मी काढली. या बाईच्या क्युरेटिंगच्या आधी तू काय घेतलंस? मूत्राशयातल्या गाठीचे चिप्स. पॅपिलरी गाठ, हात लावला की झडते. त्यानंतर त्याच पाटावर, त्याच चिमट्याने हे क्युरेटिंग घेतलंस. फ्लोटरची शंका तुझ्या मनात आली ती यामुळेच, कारण मधे पाट धुतला नव्हता हे तुला माहीत होतं. छोट्या बायोप्सी आधी घ्यायच्या. झडणारी, कुजकी, पॅपिलरी ऊतकं शेवटी. एकाच अवयवाचे दोन नमुने लागोपाठ घ्यायचे नाहीत, म्हणजे चूक झालीच तर ती नजरेला तरी पडते. स्तनाच्या तुकड्यात आतडं आलं तर शिकाऊ मुलगाही ओळखेल, पण एकीच्या स्तनाचं ऊतक दुसरीच्या स्लाइडवर आलं तर तू आणि मी दोघीही फसू. प्रत्येक नमुन्यानंतर पाट धुवायचा, चिमटा पुसायचा, ब्लेड बदलायचं. हे पहिल्या आठवड्यात शिकवलं, भिंतीवर लावलं, तरी संध्याकाळी पाच वाजले की तुमची उरकाउरकी सुरू होते.

क्युरेटिंग गाळायची ती गाळणी तर मला कुणाच्या हातात दिसता कामा नये. गाळणीबद्दल मी एवढी का बोलते ते आज सांगते. हे मी कुठल्या वर्गात सांगितलेलं नाही.

मी पहिल्या वर्षाला होते, दुसऱ्या एका रुग्णालयात. तिथे सगळी क्युरेटिंग एकाच स्टीलच्या गाळणीतून गाळायची पद्धत होती, मधे नळाखाली एकदा धरायची. एका तरुण बाईचा नमुना आला. पाळी चुकलेली, पोटात दुखतंय, बीटा-एचसीजी वाढलेलं, सोनोग्राफीत पिशवी रिकामी. पिशवीतल्या नमुन्यात गर्भाचं ऊतक आहे का, एवढाच डॉक्टरांचा प्रश्न होता. असेल तर गर्भ पिशवीत होता आणि पडून गेला, नसेल तर तो नळीत असण्याची भीती. मी स्लाइड पाहिली. दोन कोरिऑनिक व्हिलाय, स्पष्ट. कडेला होते, एकमेकांपासून दूर, आजूबाजूला गर्भारपणाची दुसरी कुठलीही खूण नाही. मला आनंद झाला की उत्तर लगेच सापडलं. मी लिहून दिलं, वरच्यांनी सही केली, बाई घरी गेली. तिसऱ्या रात्री ती नळी फुटून बेशुद्धावस्थेत परत आली. चार बाटल्या रक्त लागलं. ती वाचली, पण त्यात माझा काहीही हातभार नव्हता, सगळं श्रेय रात्रपाळीच्या सर्जनचं.

ते व्हिलाय तिच्या आधीच्या नमुन्यातले होते. गर्भपाताचा नमुना, तीच गाळणी. पुढे ब्लॉक खोलवर कापला तेव्हा त्यात एकही व्हिलस सापडला नाही. सकाळी माझ्या सरांनी मला हाताला धरून त्या बाईच्या खाटेजवळ नेऊन उभं केलं. एक शब्द बोलले नाहीत. तिचा नवरा तिथे बसला होता, त्याने मला नमस्कार केला, कारण मी डॉक्टर होते.

त्यात कर्करोगाची एक पेशी नव्हती. निरोगी, सुंदर दिसणारं ऊतक होतं आणि त्यानेच ती बाई मरणाच्या दारात गेली. म्हणून मी तुम्हाला सांगत असते की परकं ऊतक दिसलं की ते चांगलं की वाईट हे आधी बघू नका. तुमची सवय अशी झालीय की भयंकर काही दिसलं आणि ते अपेक्षेत बसलं नाही, की तो फ्लोटर. आणि साधं, सौम्य, अपेक्षेप्रमाणे दिसलं, की ते रुग्णाचंच. दोन्हीला एकच मोजपट्टी लावली पाहिजे. जे उत्तर तुम्हाला हवं होतं तेच मिळालं असेल तर जास्त वेळा बघा.

ग्रॉसिंगनंतरचेही सगळे टप्पे मोज, म्हणजे खापर एकाच माणसावर फोडता येणार नाही. छोटी बायोप्सी फिल्टर पेपरात न गुंडाळता कॅसेटमध्ये टाकली तर प्रोसेसरमध्ये रात्रभर द्रव हलत असताना तिचे कण छिद्रांतून बाहेर पडतात आणि शेजारच्या कॅसेटमध्ये जातात. एम्बेडिंगला दोन कॅसेट एकदम उघडल्या किंवा चिमटा पुसला नाही तर परका तुकडा थेट मेणात बसतो. मग तो ब्लॉकचाच भाग होतो, मोठा असेल तर पन्नास सेक्शन कापले तरी जात नाही, आणि फोकसही बरोबर येतो, कारण तो खरोखरच त्या पातळीवर असतो. तो सगळ्यात फसवा. मायक्रोटोमशेजारी वॉटर बाथ असतो, मेणाच्या वितळणबिंदूच्या दहाएक अंश खाली ठेवलेला, चाळीस ते पंचेचाळीस सेल्सियसच्या आसपास. सेक्शन पसरतो, काचेवर उचलला जातो आणि त्याचे तुटके कण पाण्यावरच राहतात. प्रत्येक ब्लॉकनंतर पाण्यावरून टिश्यू पेपरची पट्टी ओढायला पाच सेकंद लागतात. ताई ती ओढतात, मी बघितलंय. तू रविवारी इमर्जन्सीला स्वतः कापतेस तेव्हा ओढतेस का?

स्टेनिंगच्या ओळीतही हेच होतं, ते तुमच्यापैकी कुणी मनावर घेत नाही. पहिल्या झायलीनमध्ये मेण विरघळतं, सैल झालेले कण सुटतात आणि तिथेच राहतात. नंतर येणारी काच ते उचलते. हिमॅटॉक्सिलिन गाळणं, झायलीन आणि अल्कोहोल वेळेवर बदलणं ही मामांची कामं नाहीत, ती रजिस्टरवर सही करणाऱ्याची कामं आहेत. आणि स्लाइडवर केंद्रक नसलेले चपटे पापुद्रे दिसले तर ते बहुधा आपल्याच बोटांवरच्या त्वचेचे असतात, हेही माहीत असू दे.

काल तू काय करायला हवं होतंस? तो तुकडा दिसल्याबरोबर पेनने त्याच्याभोवती चार ठिपके द्यायचेस आणि काच घेऊन माझ्याकडे यायचंस. मी नव्हते तर सीनियर रेसिडेंट होते. नवीन सेक्शन मागवायच्या आधी यायचंस, कारण मागवताना किती लेव्हल कापायच्या आणि मधल्या कोऱ्या स्लाइड राखून ठेवायच्या की नाही हे ठरवावं लागतं. तू नुसतं "दुसरी द्या" म्हणालीस आणि जे ऊतक मार्करसाठी राखून ठेवायचं होतं ते विनाकारण कापलं गेलं. मग ग्रॉसिंग, एम्बेडिंग, मायक्रोटोम आणि स्टेनिंगच्या चारही याद्या काढायच्या, या नमुन्याच्या आगेमागे कोण होतं ते बघायचं आणि त्यांच्या स्लाइड शेजारी ठेवून ताडायच्या. जुळलं तर रजिस्टरमध्ये लिहायचं, रिपोर्टमध्ये एक ओळ लिहायची की अमुक स्लाइडवर परकं ऊतक होतं आणि ते तसं का ठरवलं. जुळलं नाही तर ते रुग्णाचं आहे असं धरून पुढे जायचं आणि सिद्ध करायचं. तेही जमलं नाही तर क्लिनिशियनला फोन करून पुन्हा नमुना मागायचा. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. मी आजही मागते.

आणि तो खरंच फ्लोटर असता तरी तुझं काम तिथे संपत नव्हतं. तो तुकडा कुणाचा तरी असता. हिच्या काचेवर एक तुकडा जास्त आला म्हणजे दुसऱ्या कुणाच्या ब्लॉकमध्ये तो कमी आहे. मूत्राशयाच्या मोठ्या गाठीतला असेल तर काही बिघडत नाही, तिथे भरपूर आहे. पण सुईने घेतलेल्या बायोप्सीतला असेल तर? त्या माणसाच्या आयुष्यातला रोगाचा एकमेव पुरावा दुसऱ्याच्या काचेवर येतो, तू तो निळ्या डब्यात टाकतेस आणि त्या माणसाला आपण सही करून कळवतो की काही नाही, घरी जा. फ्लोटर सापडल्यावर दोन रुग्ण तपासायचे असतात. तू एकालाही तपासलं नाहीस.

आता या बाईचं ऐक. आज सकाळी आल्याबरोबर मी ब्लॉक मागवला. ताईंनी माझ्यासमोर सहा लेव्हल कापल्या. तिसऱ्या लेव्हलला तीच ऊती, तेच फाटे, आणि या वेळी सुटी नाही. एका टोकाला तिच्याच सुकलेल्या पट्टीच्या पृष्ठभागाला चिकटलेली आहे. मूत्राशयाच्या चिप्सशी ताडून पाहिली. ती गाठ लो-ग्रेड आहे, अशी केंद्रकं तिच्यात कुठेच नाहीत. ते ब्लॉकसुद्धा दुसऱ्या मायक्रोटोमवर कापले होते, पाण्यावरून येण्याचा प्रश्नच नव्हता. हे कळायला वही उघडायला लागते. तू उघडली नाहीस. तरी कॅसेटमध्येच काही मिसळलं असेल ही शंका राहू नये म्हणून मार्कर लावले. दुपारी आले. पॅक्स-८ पॉझिटिव्ह, गाटा-३ निगेटिव्ह, म्हणजे हे मूत्राशयाचं नाही. पी-५३ प्रत्येक केंद्रकात गडद.

ते तिचंच आहे. तिला सिरस कार्सिनोमा आहे, आणि काल संध्याकाळी तुझ्या मसुद्यात तिला काहीही झालेलं नव्हतं.

रडू नकोस. रडण्याने माझा राग जाणार नाही आणि तुझा उपयोगही वाढणार नाही. तू हुशार आहेस, म्हणून मी एवढं बोलते आहे. ज्याच्याकडून काही होणार नाही अशा माणसावर मी आवाज चढवत नाही. तुला तो तुकडा दिसला होता. तुझा डोळा बरोबर होता, तो परका वाटला कारण तो खरोखरच वेगळा होता. डोळ्याने त्याचं काम केलं. तू त्याच्यावर बोळा फिरवलास, कारण पाट धुतला नव्हता हे मला कळलं असतं आणि ओरडा बसला असता. ओरड्याला घाबरून पुरावा टाकून देणारा माणूस या खोलीत मला नको आहे. चूक सांगायला धावत येणारा हवा आहे. पाट न धुतल्याबद्दल मी पाच मिनिटं बोलले असते आणि विसरले असते.

आजपासून या विभागात शंका आलेली एकही स्लाइड टाकली जाणार नाही. फुटली तरी चिकटवून ठेवायची. वहीत "रिकट" या शब्दापुढे कारण आणि सही नसेल तर ताई सेक्शन देणार नाहीत, मी त्यांना तसं लेखी दिलं आहे. तू महिनाभर फक्त ग्रॉसिंगला, आणि रोजची यादी संध्याकाळी मला दाखवायची. काल काय घडलं ते अहवाल म्हणून तू लिहायचंस, तुझ्या शब्दांत, कुणाला वाचवायला न बघता. सोमवारच्या बैठकीत तूच वाचायचास.

त्याआधी एक काम आहे. रिपोर्ट मी रोखून धरला आहे. त्या बाईची पिशवी काढायची, आसपास पसरलंय का ते बघायचं, हे सगळं आता तिच्या डॉक्टरांना ठरवायचंय आणि त्यांना ते आजच कळायला हवं. उद्या त्यांची ओपीडी नाही, ती बाई रिपोर्टसाठी आज दुपारपासून बाहेरच्या बाकावर बसून आहे. लांबून आली आहे, शेवटची एसटी साडेसहाला आहे. पाच वाजत आले. हा फोन घे. नंबर फॉर्मवर आहे. माझ्यासमोर लाव, आधी रुग्णाचं पूर्ण नाव वाच, मग निदान सांग.